डाव्या खिशातला लोहचुंबक

आमचे हे शिंपी. चाळीस वर्षं मशीनवर बसलेत. गिऱ्हाईकाच्या खांद्याकडे नुसतं बघून माप सांगतात. तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या छातीत, डावीकडे, पेसमेकर बसवला. पलंगाशेजारी एक डबी असते, ती त्या यंत्राची खबर वायरबियर काही नसताना हॉस्पिटलला पाठवते. मी म्हटलं, "बरं झालं! माझं ऐकत नाही, निदान डबीला तरी घाबराल."

पण दुकानात बसले की यांना धडधडायचं, चेहरा उतरायचा. सोमवारी सकाळी हॉस्पिटलातल्या ताईंचा दुकानात फोन. "काकू, काका रोज अकरा ते सात करतात तरी काय? तेवढा वेळ यंत्र हट्टानं एकाच गतीनं चालतं. रविवारी मात्र शहाण्यासारखं! शिलाई मशीनच्या मोटारीचा संशय आहे. तसं असेल तर काम सोडावं लागेल."

"मशीन सोडून मी करू काय? भिंतीकडे बघत बसू?" माणूस रडवेला झाला हो! उठताना धक्का लागून टाचण्यांचा डबा खाली सांडला. मलाही भरून आलं होतं, म्हणून उलट ओरडलेच, "आधी त्या टाचण्या उचला, मग रडा!"

यांनी सवयीनं शर्टाच्या डाव्या खिशातून जुन्या स्पीकरचा लोहचुंबक काढला आणि जमिनीवरून फिरवला. मी बघतच राहिले. दुकान उघडलं की तो खिशात, बंद केलं की ड्रॉवरमध्ये. अकरा ते सात! "अहो, फेका तो! लांब फेका आधी!"

ताईंना फोन लावला तर त्या किंचाळल्याच, "चुंबक? छातीवर? अहो काकू, तोच तो! चुंबक जवळ आला की हे यंत्र एकाच गतीवर अडतं. तो लांब ठेवून आज मशीन चालवू द्या, उद्या सांगते." यांनी दिवसभर शिवलं, मी दिवसभर यांचं तोंड बघितलं.

मंगळवारी फोन आला. "काकू, आपल्या फोननंतर कालचा सगळा दिवस रविवारसारखा! काकांना म्हणावं, शिवा खुशाल!"

यांनी अशी टाळी वाजवली की समोरचा चष्मेवाला बाहेर आला. मी घरी जाऊन यांचे सगळे शर्ट आणले आणि डावे खिसे उसवायला बसले.

"अगं, माझी शिलाई आहे ती!"

"असू दे."

तिसऱ्या शर्टाला मला टाकाच दिसेना, डोळे इतके भरून आले. यांनी माझ्या हातातली कात्री घेतली आणि उरलेले खिसे आपणच उसवले.