पाटाने प्यायलेलं पाणी

नांदेड-लातूर एसटीत मी मांडीवर लॅपटॉप उघडून बसलो होतो. एकात एक बसवलेल्या धातूच्या दोन नळ्यांमधून प्रचंड वीज नेली, की तिचंच चुंबकीय क्षेत्र तिला गळू देत नाही, असं माझं मॉडेल होतं. प्रयोगात मात्र पलीकडच्या टोकाला वीज कमीच पोचायची. का, ते कळत नव्हतं.

शेजारी कपाळाला विभूती लावलेले एक काका होते. "काय हुडकून राहिलास?"

"वीज सोडतो तेवढी पलीकडं पोचंना, काका."

त्यांनी बाटलीच्या झाकणातून खिडकीच्या धुळकट पट्टीवर पाणी सोडलं. ते धुळीतच मुरलं. पुन्हा सोडलं, ते टोकापर्यंत धावलं.

"रानात पयलं पानी पाटच पितो. तू पाट सुरुवातीपासून वल्लाच धरलास की काय?"

मी चक्रावलो. धरला होता! प्रवाह वाढेपर्यंत विजेला राखणारं चुंबकीय क्षेत्र येणार कुठून? सुरुवातीची वीज गळणारच.

लॅपटॉपवर आकडे बदलून मान वर केली, तर अहमदपूर गेलं होतं आणि शेजारची जागा रिकामी होती. त्यांना माझी वीज कळली होती, की फक्त स्वतःचं रान आठवलं होतं? अजून उलगडत नाही. मॉडेल प्रयोगाशी जुळलंय. प्रबंधात आभाराचं पान तेवढं कोरं आहे. नाव विचारायचंच राहिलं.