चालू खातं, बंद चेकबुक

मोंढ्यात किस्से कुणी जमवत न्हाई. पोत्याला भोक पडतं, दाणे सांडत राहतात, आन् संध्याकाळी झाडायला गेलं की ढीग निघतो. तसं आहे हे. मी उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, बारदाना विकतो, म्हणजे रिकामी पोती. शाळा चौथीपर्यंत, तीबी मास्तर घरी बोलवायला यायचे म्हणून. शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या असतील त्यानं इथूनच परत जावं.

तर यंदा भोक पाडलं आमच्या बँकेनं. दारावर पाटी लावली, 'चालू खात्याचे चेकबुक बंद.'

माझ्या शेजारी बशीरचाचा ताडपत्री विकतात. त्यांनी पाटी दोनदा वाचली आन् आत जाऊन मॅनेजर मॅडमला विचारलं, "मॅडम, चालू है के बंद है? कुछ एक तो बोलो."

मॅडम पुण्याकडच्या. त्यांनी समजावून सांगितलं की खातं चालू आहे, चेकबुक बंद आहे, इथून पुढं सगळं मोबाइलवर.

काउंटरवर दोरीनं बांधलेला पेन होता. मी म्हणलं, "मग ह्याला तरी सोडा आता. चेकच न्हाई तर बिचाऱ्याला कशाला बांधून ठेवलंय?"

मॅडम म्हणाल्या, पेन चालू आहे.

मी लिहून बघितलं. तोबी बंद.

*

खरी आग लागली माझ्या समोरच्या दुकानात. थोरला चनबसप्पा आन् धाकटा गुरप्पा, सख्खे भाऊ. बापाच्या नावाची धान्याच्या दलालीची आडत एक, बँकेतलं खातं एक, आन् आपसात बोलणं बंद. कारण काय, तर कूलर. कूलरचं तोंड कुणाच्या गादीकडं करायचं यावरून एका उन्हाळ्यात जुंपली, ती अजून सुटली न्हाई. दुकानात मधोमध आडवा पत्रा ठोकला, दोन बाजूंना दोन दारं केली आन् कूलर विकून टाकला. आता दोघंबी घामानं निथळून राहिलेत, पण माघार कुणाची न्हाई.

चेकवर मात्र दोघांच्या सह्या लागायच्या. मग एका दारातनं चेक घेऊन दुसऱ्या दारात कोण जाणार? मी. अलीकडं एक चहा, पलीकडं एक चहा. चेकबुक बंद झाल्यानं माझं काय गेलं ते आता कळलं असंल.

पण चनबसप्पा त्या दिवशी चहा न पिता बसून होता. मला हळूच म्हणाला, "मामा, चेक हाय तवर आडत एक हाय. आता त्या गाढवाशी बोलायची पाळी आली तर मी बापाची पाटीच उतरवतो."

नुसता बोलला न्हाई. शिडी आणून दाराशी उभी केली.

*

तशा त्यांच्या सह्याबी काही गुण्यागोविंदानं राहत नव्हत्या. थोरल्याची सही कानडीत, शेपटीवाली. धाकट्यानं आपली वाढवत वाढवत थोरल्याच्या शेपटीवर आणली. मग थोरल्यानं धाकट्याच्या डोक्यावरनं सही केली. चेक परत आला.

मॅडमच्या आधीचे साहेब होते, त्यांनी मला बोलावून चेक दाखवला आन् म्हणाले, "मामा, यात रक्कम कुठंय?"

*

मोबाइलपुढं सगळ्यात आधी हात टेकले ते बशीरचाचांनी. दुकानात तो बोलणारा डबा लावला. गिऱ्हाइकानं पैसे टाकले की डबा मोठ्यानं रक्कम सांगतो. चाचांचं घर दुकानाच्या वरच. चाची जन्मभर विचारत आल्या, आज धंदा कसा? चाचा जन्मभर सांगत आले, मंदा है.

पहिल्याच संध्याकाळी चाचा जिना चढून वर गेले आन् मान हलवून म्हणाले, मंदा है.

चाची म्हणाल्या, "डब्बा तो सुबह से गला फाड रहा."

आता डब्यावर ताडपत्री टाकलेली असते. आन् चाची जिन्यात येऊन बसलेल्या असतात.

*

मग मॅडमनी मोंढ्यातच लिंबाखाली शिबिर घेतलं. माझा अंगठा मशीनवर ठेवला. मशीन गप. पुसून ठेवला, थुंकी लावून ठेवला, तरी गप. पोती हाताळून हाताळून अंगठ्यावरच्या रेघा कवाच गेल्यात.

म्हणलं, "मग सही घ्या."

"सही आता चालत नाही, मामा."

"म्हणजे मी हाय का न्हाई?"

मॅडम कॉम्प्युटरकडं वळल्या आन् म्हणाल्या, "थांबा, बघते."

*

त्याच शिबिरात चनबसप्पाला पासवर्ड करायला बसवलं. मॅडम म्हणाल्या, अक्षरं पाहिजेत, आकडा पाहिजे, आणि एक स्पेशल कॅरेक्टर पाहिजे.

चनबसप्पानं दुकानाकडं बोट केलं. "ते पत्र्यापलीकडं बसलंय."

*

आन् मग तो दिवस आला. लातूरच्या पार्टीचा फोन आला, आज पैसे न्हाई मिळाले तर तुमच्या आडतीशी व्यवहार बंद. मॅडमनी सोय अशी केलेली, की चनबसप्पानं मोबाइलवरून पैसे पाठवायचे आन् ओटीपी यायचा गुरप्पाच्या मोबाइलवर. तो टाकल्याशिवाय पैसे हलणार न्हाईत.

पोस्टमन मीच. गुरप्पाच्या मोबाइलवरचे आकडे घोकत एका दारातनं निघालो, दुसऱ्या दारात पोचलो, तवर ओटीपी मेला. परत गेलो. माझे गुडघे असे. पुन्हा मेला. मॅडमनी बजावलेलं, तिसऱ्यांदा चुकलं की खात्याला कुलूप.

मी दोन्ही दारांच्या मधे पायरीवर बसलो. म्हणलं, "माझ्यानं व्हायचं न्हाई. चहाबी नको."

चनबसप्पा शिडीकडं बघायला लागला. हमाल पाठीवरचं पोतं तसंच घेऊन थांबले. शेवटी चनबसप्पानं तिसऱ्यांदा बटण दाबलं. पत्र्यापलीकडं मोबाइल टुणकन वाजला. मग गुरप्पा खाकरला.

"अण्णा, लिही."

आन् एकेक आकडा सांगायला लागला. कानडीत, मोंढ्याला कळू नये म्हणून. सगळ्या मोंढ्याला कानडी येती.

चनबसप्पा ओरडला, "मोठ्यानं बोल की गाढवा, ऐकू येईना."

गुरप्पानं मोठ्यानं सांगितलं. पैसे गेले. हमाल कामाला लागले, मी गुडघे धरून दुकानात आलो.

थोड्या वेळानं माझा मोबाइल वाजला. चनबसप्पाकडनं एक रुपया जमा. माझं त्याच्याकडं घेणं न्हाई, देणं न्हाई. तेवढ्यात आणखी एक रुपया. उठून समोर गेलो आन् विचारलं, हे कशाचे?

चनबसप्पा कान पत्र्याला लावून बसलेला. "गप बसा मामा," म्हणाला, "ओटीपी येऊन राहिला."