पायरीखालचा शिपाई

रिमोटचे सेल शोधायला मी स्वयंपाकघरातला खालचा ड्रॉवर उघडला आणि त्यात ते बटण दिसलं. टेप, स्क्रू, जुन्या किल्ल्या, आणि त्यांच्यामध्ये माझ्याच फाटलेल्या रुमालाच्या तुकड्यात गुंडाळलेलं. गाठ मी मारली होती तशीच होती. मी तिथेच फरशीवर बसले.

ते बटण या घरात असायला नको होतं. का, ते लिहून ठेवते. तोंडाने मला कुणाला काही सांगता येत नाही.

आमचं घर हॅमिल्टनच्या कडेला आहे. मागे मोठं मैदान. दोनशे वर्षांपूर्वी सीमेपलीकडून अमेरिकेचे शिपाई चालून आले आणि इथे इंग्रजांशी लढले. दोन्हीकडचे मेले, आणि घाईघाईत जिथल्या तिथे पुरले गेले. आता उन्हाळ्यात लोक लाल कोट घालून त्या लढाईचं सोंग आणतात, खोटे बार उडवतात आणि मुलं आइस्क्रीम खात बघतात. मी तिथे रोज एक फेरी मारते. मला भीड फार. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती म्हणून चौथीतच सुटली, आणि तेव्हापासून चार माणसांत बोलायची वेळच आली नाही. इथे दाराची बेल वाजली की मी आतल्या खोलीत जाते. म्हणून आल्या आल्या मुलाने घराचा पत्ता इंग्रजीत माझ्याकडून घोकून घेतला. "आई, हरवलीस तर कुणालाही एवढंच सांग. ते तुला घरी आणतील." देवाचं म्हणावं तसा मी तो रोज आंघोळ करताना म्हणत असे. बाकी सलग इंग्रजी मला येत नाही.

गेल्या वर्षी बेसमेंट भाड्याने द्यायचं ठरलं. त्याला बाहेरून वेगळा जिना हवा, म्हणून घराच्या बाजूला खड्डा खणायला घेतला. मी कॉन्ट्रॅक्टरला चहा घेऊन गेले तेव्हा मशीन थांबलं होतं. तो सरदारजी खड्ड्यात वाकून बघत होता.

"कुछ नहीं माताजी, कुत्ते की हड्डी है," तो म्हणाला.

मातीतून जबडा वर आला होता. दात ओळीने, दाढा झिजलेल्या. शेजारी बरगड्या.

माणसाचा जबडा ओळखायला शाळा लागत नाही. आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात, आणि डाव्या तळहातावर लिंग ठेवतात. आमची स्मशानभूमी ओढ्याकाठी होती. मी लहान असताना एका पुरात तिची कड ढासळली आणि चार-पाच माणसं उघडी पडली. गावातली म्हातारी माणसं उतरली आणि प्रत्येकाच्या हाताशी लिंग शोधून, नावं आठवून त्यांना परत माती दिली. माझ्या मालकांनाही तशीच माती दिली आहे. मुलगा इथून विमानाने गेला होता. खड्ड्यात उतरून त्यानेच वडिलांच्या तळहातावर लिंग ठेवलं. म्हणून मला वाटलं, याला काही सांगावं लागणार नाही.

त्या बरगड्यांशेजारी हे बटण पडलं होतं. शिशाच्या रंगाचं, मागे कडी असलेलं. मी ते उचललं. मुलगा कामावरून आल्यावर त्याला खड्ड्याशी नेलं.

तो खड्ड्याच्या कडेला उकिडवा बसला. मग म्हणाला, "सरकारला रिपोर्ट केलं तर काम सहा महिने बंद पडेल, आई."

"पडू दे. कुणाचा तरी लेक आहे तो."

"बरं. मी करतो फोन."

"आणि हे त्याच्याबरोबर दे. हीच त्याची खूण." मी रुमाल फाडून बटण गुंडाळलं आणि त्याच्या हातात दिलं.

दुसऱ्याच दिवशी सून म्हणाली, "आई, चला, माझ्या ताईकडे व्हिटबीला जाऊन येऊ. तुम्हाला चेंज होईल." तिने मला कधी असं कुठे नेलं नव्हतं. मला बरं वाटलं. चार दिवस राहिलो.

परत आलो तर जिना तयार. काँक्रीटच्या स्वच्छ पायऱ्या.

"इतक्यात झालं?"

"ते लोक लगेच आले," मुलगा म्हणाला. "दोन बायका होत्या. ब्रशने एकेक हाड साफ केलं. पेटीत ठेवून घेऊन गेल्या."

"कापडात ठेवलं का?"

"हो."

"पांढऱ्या?"

"पांढऱ्या. एकीने हातसुद्धा जोडले, आई."

मी त्या दिवशी त्याच्या नावाने दिवा लावला. नाव माहीत नव्हतं, शिपाई म्हटलं. गावाकडे बहिणीला फोन करून सांगितलं, माझ्या मुलाने घराचं काम थांबवून परक्या माणसाचं सगळं केलं. ती म्हणाली, वडिलांवर गेलाय. वर्षभर मी हे मनात घेऊन त्या मैदानाला फेऱ्या मारल्या.

आणि बटण ड्रॉवरमध्ये होतं.

संध्याकाळी मी ते त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. त्याने बघितलं. सून उठून सिंककडे गेली आणि भांड्यांवर पाणी सोडलं. तेव्हा मला व्हिटबीला का नेलं होतं तेही कळलं.

"कुठे आहे तो?"

"आई, दोनशे वर्षं झाली. त्याची कोण वाट बघतंय?"

"कुठे आहे?"

"तिथेच. हलवला नाही त्याला आम्ही. वरून काँक्रीट टाकलं फक्त. शेवटच्या पायरीखाली." मग आवाज चढवून, "तुला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं मी तसं!"

काम अडेल म्हणून त्याने फोन केला नाही, हे मी समजू शकले असते. माणूस घाबरतो. पण ते पांढरं कापड? मी विचारलं म्हणून त्याने ते तिथल्या तिथे विणलं. आणि हात जोडणारी बाई तर मी विचारलीही नव्हती.

बेसमेंटमध्ये आता लातूरकडची एक मुलगी राहते, कॉलेजला शिकते. मला काकू म्हणते. तिच्या सुट्टीच्या दिवशी मी तिला म्हटलं, मैदानाजवळच्या म्युझियममध्ये मला एक बटण दाखवायचंय.

"काकू, तुम्ही आणि म्युझियम?" ती हसली. "चला, माझी लाँड्री तर काय पळून जात नाही."

म्युझियममधल्या बाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी बटण भिंगाखाली धरलं आणि त्यांचा आवाज बदलला. मुलगी भराभरा मराठीत सांगत गेली. "काकू, अमेरिकन शिपायाचं आहे. बटणावरून पलटण कळते म्हणे. हाडं मिळाली तर वय कळतं, कशाने मेला ते कळतं. दातांवरून तर लहानपणी कुठलं पाणी प्यायला तेसुद्धा सांगतात! मागे असेच काही सापडले होते, त्यांना झेंड्यात गुंडाळून त्यांच्या देशात पोचवलं." मग पुन्हा बाईंचं ऐकून, "पण नुसत्या बटणाने काही होत नाही म्हणतात. ते कुठे पडलं होतं, कशाजवळ, ते कळलं तरच माणूस सापडतो."

बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं. मुलीने मराठीत सांगायच्या आधीच मला कळलं होतं.

मुलाचं तोंड डोळ्यांपुढे आलं. सहावीतलं, तापात माझ्या मांडीवर पडलेलं. रस्त्यावर सापडलं म्हणावं, असंही आलं मनात. सोपं होतं. त्या बाईंनी विश्वास ठेवला असता, जसा मी ठेवला होता.

मी पत्ता सांगितला. घराचा नंबर, रस्ता, शहर. एकही शब्द अडखळला नाही.

बाई लिहायला लागल्या. मुलगी माझ्याकडे बघतच राहिली.

"काकू, हा तर आपला पत्ता आहे."

"हो. त्यांना सांग, बाहेरच्या जिन्याची शेवटची पायरी."

"जिथे मी शूज काढते?"

"तिथेच. सांग त्यांना."