पुण्याला न पोचलेले सात मेल

“मेल पाठवलेच नाहीत, आणि वर पाठवले म्हणून सांगायचं. हे मला चालणार नाही, मॅडम.”

आहेरसाहेब बोलत होते माझ्याशी, पण ऐकवत होते शेजारच्या टेबलावरच्या शैलाताईंना. मी नुकतीच स्कूटी लावून आत आले होते. तोंडावरचा स्कार्फही सोडला नव्हता. शैलाताई खाली मान घालून उगीचच कागदाचं पंचिंग मशीन पुसत होत्या.

ही गोष्ट २००२ च्या नोव्हेंबरातली. अंबडच्या एमआयडीसीत आहेरसाहेबांचा कारखाना होता. पत्रा दाबून छोटे छोटे पार्ट करायचे आणि पुण्याच्या एका मोठ्या कंपनीला पुरवायचे. ऑफिसात तीन कॉम्प्युटर. ते माझ्याकडे एएमसीवर होते, म्हणजे वर्षाचा करार. काही बिघडलं की मी यायचं. द्वारका चौकाजवळ माझं छोटं दुकान होतं. बाई कॉम्प्युटर दुरुस्त करते याचं तेव्हा लोकांना फार नवल वाटायचं. नवीन ठिकाणी गेले की माझ्या खांद्यावरून मागे बघायचे, इंजिनिअर कुठे राहिला म्हणून. आहेरसाहेबांनी असं कधी केलं नाही. पहिल्या दिवशीच त्यांनी बंद पडलेला प्रिंटर माझ्यासमोर ठेवला होता. त्यामुळे त्यांचा तापटपणा मी फारसा मनावर घेत नसे.

भानगड अशी होती. एखाद्या पार्टमध्ये दोष सापडला, की पुण्याची कंपनी तक्रार पाठवायची. दोष का आला, सुधारणा काय केली, याआधी काय कळवलं होतं, हे सगळं लिहून कारखान्याने उत्तर द्यायचं. आधी ही उत्तरं फॅक्सने जायची, गेल्या दोन महिन्यांपासून कंपनीला ती मेलने हवी होती. तेव्हापासून बरीच उत्तरं पुण्याला पोचलीच नव्हती. तिथल्या क्वालिटी विभागाचे फाटक म्हणून साहेब होते, त्यांचा सकाळी फोन आला होता. शुक्रवारपर्यंत उत्तरं मिळाली नाहीत, तर तो पार्ट दुसऱ्या कारखान्याकडे जाणार. आज बुधवार होता.

“अन् शैलाताई म्हणतात, सगळी पाठवली,” आहेरसाहेब म्हणाले. “तुम्ही मला फक्त एवढंच सांगा, मशीन खोटं बोलतंय का माणूस. माणूस बोलत असेल, तर सोमवारपासून त्या खुर्चीवर दुसरा माणूस बसंल.”

एवढं बोलून ते शॉपमध्ये, मशीन चालतात तिकडे गेले. शैलाताई पन्नाशीच्या. टाईपरायटरच्या काळापासून बावीस वर्षं याच खुर्चीवर. रोज पंचवटीतून दोन बस बदलून यायच्या आणि नऊच्या ठोक्याला टेबल पुसून बसायच्या. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. नोकरी जाणं त्यांना परवडणारं नव्हतं, पण त्या क्षणी त्यांना लागला होता तो ‘खोटं’ हा शब्द.

“वर्षा, मी पाठवलेत गं,” त्या हळूच म्हणाल्या. “देवाशपथ.”

मला देवाची साक्ष चालत नाही, मी मोडेमपासून सुरुवात करते. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं. मोडेम म्हणजे फोनची तार आणि कॉम्प्युटर यांच्यातला दुभाषी. तो किंचाळून, खरखरून एकदाचा जोडला गेला. मी माझ्या स्वतःच्या पत्त्यावर मेल टाकला. गेला. फाटकसाहेबांना एक टाकला आणि लगेच फोन केला.

“आला की,” ते म्हणाले. “तुमचे साधे मेल येतात हो. आज गाडी निघाली, उद्या सुट्टी आहे, हे सगळं येतं. नेमकी उत्तरंच येत नाहीत. आता आम्ही काय समजायचं?”

त्यांनी काय समजायचं ते त्यांनी समजून टाकलेलं होतं, आवाजावरून कळत होतं. पण मला मात्र मजा वाटायला लागली. तार बिघडली तर सगळंच अडायला हवं. आनंदाचे मेल सोडायचे आणि कामाचे गिळायचे, इतकी अक्कल मोडेमला नसते. व्हायरस शोधला. नव्हता. पुण्याच्या पत्त्यातलं एकेक अक्षर तपासलं. बरोबर होतं.

मग मी ‘सेंट आयटेम्स’ उघडलं. आपण पाठवलेल्या प्रत्येक मेलची एक प्रत प्रोग्रॅम स्वतःकडे ठेवतो, ती इथे असते. पूर्वी पत्राखाली कार्बन घालून प्रत काढायचे, तसंच. सगळ्यात ताजा मेल सगळ्यात वर. आजचे दिसले, कालचे दिसले, सोमवारचे दिसले. सोमवारी दुपारी पाठवलंय असं शैलाताई ज्या उत्तराबद्दल सांगत होत्या, ते नव्हतं.

“ताई, इथे नाहीये.”

“असं कसं? गेला की गं. ‘टुंग’ असं वाजलं पण.”

खरं सांगते, त्या वेळी मलाही शंका आली. माणूस कामात विसरतो, मग घाबरतो, मग पाठवलं म्हणून सांगतो, आणि एकदा सांगितलं की त्याला तेच खरं वाटायला लागतं. असे मी पाहिले होते. शैलाताईंना माझा चेहरा वाचता आला असावा. त्या उठल्या आणि कपाटातून एक जाडजूड रजिस्टर काढून माझ्यासमोर ठेवलं. जावक नोंदवही. ऑफिसातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद तिच्यात नंबर घालून लिहायचा. मेल आल्यावर बाकीच्या ऑफिसांनी हे बंद केलं होतं. शैलाताई मात्र मेलही लिहायच्या. नंबर, तारीख, वेळ, कोणाला, विषय, संदर्भ. सोमवारचं उत्तर तिथे होतं. त्याच्या आधी कुरिअरची नोंद, नंतर फॅक्सची. मागाहून घुसडलेली ओळ अशी दोन ओळींच्या मध्ये नीट मावत नाही.

म्हणजे बाई खरं बोलत होती. मग मेल गेला कुठे?

मी फाटकांना पुन्हा फोन लावला आणि कुठली कुठली उत्तरं मिळाली नाहीत ते विचारून घेतलं. सात होती. ते वैतागून सांगत गेले, मी रजिस्टरमध्ये पेन्सिलीने फुल्या मारत गेले. मग पोचलेल्या मेलपुढे टिंबं दिली. आणि मग नुसती बघत बसले. वार वेगळे, वेळा वेगळ्या, विषय वेगळे. शेवटच्या रकान्याकडे नजर गेली तेव्हा मी सरळ झाले. ‘संदर्भ’ या रकान्यात टिंबवाल्यांपुढे काही नव्हतं. सातही फुल्यांपुढे मात्र जुन्या पत्राचा नंबर होता.

जुन्या पत्राचा संदर्भ असला की मेल गायब होतो! असा रोग मी आयुष्यात ऐकला नव्हता.

“ताई, सोमवारचं उत्तर पुन्हा पाठवा. अगदी नेहमी पाठवता तसं. मी नाहीच असं समजा.”

त्यांनी पदर खोचला, रजिस्टरची मागची पानं उलटली आणि मार्चमधल्या एका नोंदीवर बोट ठेवलं. मला वाटलं, आता त्या ते पत्र उघडतील. तसं झालं नाही. त्यांनी माऊस घेतला, स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात नेला आणि तिथल्या घड्याळावर दोनदा क्लिक केलं. कॅलेंडर उघडलं. नोव्हेंबरचा त्यांनी मार्च केला, तारीख निवडली, ओके दाबलं. मग शांतपणे जुनं पत्र उघडलं.

“ताई! हे काय करताय?”

“तारीख लावते.”

“कसली तारीख?”

“पत्राची.” मलाच काही कळत नाही अशा नजरेने त्या माझ्याकडे बघायला लागल्या. “न लावता उघडलं, तर त्या पत्रावर आजची तारीख येते. मार्चमधलं पत्र नोव्हेंबरचं कसं असेल? ते खोटं झालं ना. म्हणून रजिस्टरमध्ये बघून तारीख लावायची, पत्र उघडायचं, मजकूर मेलमध्ये घ्यायचा, खाली उत्तर लिहायचं आणि पाठवायचं. मेल जाईपर्यंत तारखेला हात लावायचा नाही. गेला, की आठवणीने परत आजची लावायची. एकदाही विसरले नाही हं मी.”

टाईपरायटरच्या दिवसांत त्यांच्या टेबलावर तारखेचा रबरी शिक्का असायचा. रोज सकाळी त्याची चाकं फिरवून आजची तारीख आणायची. जुन्या पत्राची प्रत कोणी मागितली, तर चाकं मागे फिरवायची, जुनी तारीख मारायची, आणि चाकं परत जागेवर आणायची. शैलाताईंच्या लेखी स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ म्हणजे तोच शिक्का होता.

आणि तसं बघितलं तर त्यांचं चुकलंही नव्हतं. तो शिक्काच आहे. फक्त कॉम्प्युटरमध्ये एकच शिक्का असतो, आणि सगळे प्रोग्रॅम तोच वापरतात. मेलचा प्रोग्रॅमसुद्धा. नोव्हेंबरात लिहिलेल्या उत्तरावर त्याने इमानेइतबारे मार्चचा शिक्का मारला होता.

मी सेंट आयटेम्समध्ये खाली खाली गेले. पार मार्चपर्यंत. सोमवारचं उत्तर तिथे बसलेलं होतं. दुसरं मे महिन्यात, तिसरं जानेवारीत. सातही सापडली. मी पुण्याला फोन लावला.

“फाटकसाहेब, जरा खाली जाऊन मार्चमधले मेल बघता का?”

“मार्च कशाला? मला सोमवारचं पाहिजे.”

“बघा तर खरं.”

त्यांच्याकडेही पाठवणाऱ्याच्या तारखेप्रमाणे मेल लागायचे, आणि रोज ते वरचेच बघायचे. बराच वेळ नुसतं क्लिक क्लिक ऐकू येत होतं. मग ते म्हणाले, “अरेच्चा! आहे की. न वाचलेला आहे. हे मार्चमध्ये आलं होतं?”

“परवा आलंय. अजून सहा आहेत, लिहून घ्या.”

त्यांनी लिहून घेतलं. उत्तरं वाचतो, पार्ट कुठे जात नाही, असं स्वतःहून म्हणाले. शैलाताईंनी डोळे मिटून हात जोडले, कोणत्या देवाला ते कळलं नाही.

आहेरसाहेब आले. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांचा चेहरा आधी सैल पडला, मग पुन्हा आवळला.

“म्हणजे चूक ताईंचीच ना?” ते म्हणाले. “घड्याळाला हात लावायला कुणी सांगितलं व्हतं? दोन महिने मी पुण्याच्या शिव्या खाल्ल्या. माणूस खोटं नाय बोलला, पण उद्योग तर माणसाचाच.”

शैलाताईंचे जोडलेले हात हळूहळू खाली आले.

मला एक गोष्ट अजून खुपत होती. पत्रावरची तारीख मुळात बदलत का होती? मी ते पत्र पुन्हा उघडलं. तारीख हाताने टाईप केलेली नव्हती. वर्डमध्ये तारीख घालताना खाली एक चौकोन असतो. त्यात टिक केली, की पत्र जेव्हा जेव्हा उघडाल तेव्हा त्या दिवसाची तारीख आपोआप येते. त्यांच्या लेटरहेडमध्ये तसं बसवून ठेवलं होतं. प्रत्येक नवीन पत्र त्यावरूनच निघायचं, म्हणजे प्रत्येक पत्राला हा रोग. असा शहाणपणा कोणी केला म्हणून मी लेटरहेडच्या फाईलची माहिती उघडली. फाईल कोणी बनवली, हे तिथे लिहिलेलं असतं.

तिथे माझं नाव होतं.

मग सगळं आठवलं. तीन वर्षांपूर्वी कॉम्प्युटर बसवले तेव्हा मीच ते लेटरहेड केलं होतं. ‘आता तारीख टाईप करायलाच नको, आपोआप येईल’ असं मिरवत सांगितलंही होतं.

स्क्रीन फक्त मला दिसत होती. आहेरसाहेबांना त्यातलं काही कळलं नसतं. खिडकी बंद केली असती, गुपचूप टिक काढली असती, तर मी सुटले असते. हा विचार मनात आला नाही असं म्हणाले तर ते खोटं होईल.

“साहेब, चूक माझी आहे,” मी म्हणाले. “हे लेटरहेड मी केलं. मी जे बिघडवून ठेवलं, ते ताई तीन वर्षं रोज निस्तरत होत्या. त्यांना काही बोलू नका.”

आहेरसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, शैलाताईंकडे बघितलं.

“आता दुरुस्त किती वेळात होईल?”

“झालं.” एक टिक काढायची होती. त्याला क्षणसुद्धा लागला नाही; जुन्या पत्रांच्या तारखा रजिस्टर बघून नंतर सावकाश पक्क्या करता येणार होत्या.

“लय भारी,” ते म्हणाले आणि दारापर्यंत गेले. तिथून वळून शैलाताईंना म्हणाले, “ताई, सकाळी मी जास्त बोललो. मनात धरू नका.” मग मोठ्याने चहा सांगून ते शॉपमध्ये निघून गेले.

चहा पिताना मी शैलाताईंना विचारलं, “तीन वर्षं हा कुटाणा करत होतात. मला एक फोन का नाही केलात?”

त्यांनी बशी खाली ठेवली. “करणार होते गं. पण तू इतक्या हौसेने करून दिलं होतंस. चुकलंय असं सांगितलं असतं, तर तुला वाईट वाटलं असतं.”

मला लाज वाटली. त्यांच्यावर शंका घ्यायला मला पाच मिनिटंही लागली नव्हती.

तेव्हापासून मी एक नेम पाळला. कुठेही काही नवीन बसवून दिलं, की महिन्याभराने तिथे परत जायचं. सगळं ठीक आहे का, असं विचारायचं नाही. सगळे ठीकच म्हणतात. काम करणाऱ्या माणसाशेजारी अर्धा तास गप्प बसायचं आणि त्याचा हात कुठे कुठे जातो ते बघायचं.