साबुदाण्याचं ऊन

काकू बोलता बोलता मध्येच थांबत, कपाळावर आडवा हात धरून आभाळाकडे बघत आणि म्हणत, "सरकवा जरा." समोर मी असलो तर हातातली वस्तू सरकवायचो, काका असले तर ते खुर्चीसकट सरकायचे. काय सरकवायचं हे विचारायची त्या घरात पद्धत नव्हती. ऊन हललं की आपणही हलायचं, एवढंच.

सदाशिव पेठेतल्या एका तीन मजली इमारतीत त्या तळमजल्याला राहत. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. अशा बाई तुम्हीही पाहिल्या असतील. फ्रिजला खोळ, मिक्सरला खोळ, टीव्हीच्या रिमोटलासुद्धा खोळ. पण सदुसष्टाव्या वर्षी जीपमागे ओढायचा दोन चाकांचा डबा बनवून घेणाऱ्या बाई पाहिल्या नसतील. आत दोन बाकं, छोटा ओटा, खिडक्यांना फुलांचे पडदे. लोक त्याला कॅराव्हॅन म्हणत, काकू म्हणत बिऱ्हाड. जीप त्या स्वतः चालवत. गल्लीतले स्कूटरवाले तेवढ्यापुरते भिंतीला चिकटून उभे राहत.

मी तेव्हा शनिवार पेठेतल्या एका बॅटरी-सोलरच्या दुकानात फिटिंगचं काम करायचो. किनवटकडून आलेलो, शाळा आठवीतच सुटलेली. आत्ता कुणीतरी विचारणार, 'शिक्षण किती?' अशी धास्ती पुण्यात कायम असायची. म्हणून प्रत्येक जोड तीनदा तपासायचो, आणि खोलीवर गेल्यावर चौथ्यांदा, मनातल्या मनात.

काकूंचं काम नेहमीचं नव्हतं. काकांचा झोपेत श्वास अडकायचा. नाकाला मास्क लावून, मशीन चालू ठेवूनच त्यांना झोपावं लागे. सहा वर्षांत बेडरूममधला प्लग सोडून ते एकही रात्र बाहेर राहिले नव्हते. आणि त्यांना वेड पाखरांचं.

"खडकवासल्याला पाण्याच्या मागच्या अंगाला पहाटे काय सभा भरते सांगू!" ते म्हणायचे. "पण इथून निघून पोचेपर्यंत आभारप्रदर्शन चालू झालेलं असतं. तिथेच उठायला पाहिजे."

तेवढ्यासाठी बिऱ्हाड होतं. आणि बिऱ्हाडाला सोलर बसवायला मी.

"हे पाहा," काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मशीन रात्रभर चाललं पाहिजे. मध्ये बंद पडलं तर मी तुमच्याशी भांडणार नाही. बिऱ्हाड वळवून घरी आणीन आणि पुन्हा यांना कुठे नेणार नाही. समजलं?"

"अगं, घाबरवू नकोस त्यांना," काका म्हणाले.

'त्यांना' म्हणजे मला. शिडी घेऊन फिरणाऱ्याला पुण्यात 'ए' असंच हाकारायचे. या दोघांनी पहिल्यापासून अहोजाहो केलं. त्याने मी खूश झालो आणि दुप्पट घाबरलो.

सोलरची प्लेट डब्याच्या टपावर ठोकावी असं माझं म्हणणं. काकूंनी ते लगेच निकालात काढलं. "म्हणजे डबा दिवसभर उन्हात उभा करायचा? आणि आत आम्ही शिजायचं?"

बरोबर होतं त्यांचं. मग घडीची प्लेट घेतली, तिला पाय लावले, दहा मीटर वायर दिली. डबा झाडाखाली, प्लेट उन्हात, बॅटरीची पेटी बाकाखाली. काकूंनी संध्याकाळपर्यंत प्लेटला खोळ शिवली. वायरला वेगळी.

इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत चाचणी सुरू झाली. पहिल्या दिवशी बॅटरी पूर्ण भरली. ती रात्र मशीन तिच्यावर चाललं. सकाळच्या उन्हाने ती पुन्हा भरायची आणि दुपारी एक ते चार काकांनी डब्यात झोपायचं, असं ठरलं. दुपारी झोपायच्या बाबतीत काकांना आग्रह करावा लागत नसे.

दुसऱ्या दिवशी अडीच वाजता मशीन बंद पडलं.

फोन आला तेव्हा मी कात्रजला एका गच्चीवर होतो. पोचेपर्यंत साडेचार झाले. काका ओट्याला टेकून चहा पीत होते. मला बघून म्हणाले, "मी आहे अजून. फक्त उठलोय."

मला हसू आलं नाही. बॅटरी रिकामी होती, सकाळभरात जवळजवळ भरलीच नव्हती. सगळे जोड उघडले, मीटर लावला, पुन्हा बांधले, पुन्हा उघडले. चूक सापडेना. शेवटी मी पायरीवर बसलो आणि बोलून गेलो, "काकू, मी आठवीच शिकलोय. दुसऱ्या कुणाला बोलवा. यात काकांचा जीव आहे."

काकू शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "सगळं उसवून बघितलंत?"

"हो."

"टाके नीट आहेत?"

"नीट आहेत."

"मग चूक शिवणीत नाही. कपडा घडी करून बघितला तर कळत नाही, अंगावर असताना बघावा लागतो. उद्या बारा वाजता या. आणि आठवीचं मला कशाला सांगताय? आमच्या शाळेत बीए झालेल्या शिक्षकांना काज करता येत नसे."

दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला मी मागच्या जागेत शिरलो आणि तिथेच उभा राहिलो.

प्लेटवर एक जुनं पातळ धोतर पसरलेलं होतं, चार कोपऱ्यांवर चार दगड. धोतर उचललं. खाली साबुदाण्याच्या पापड्या, ओळीने, शिवणाच्या बाईंना शोभतील अशा सारख्या अंतरावर.

"काकू!"

त्या पळी हातात घेऊनच बाहेर आल्या. "हळू, ओल्या आहेत अजून. काय झालं?"

"हे काय?"

"वाळवण. दरवर्षी इथेच घालते, खाटेवर. ही काच काय सुरेख तापते हो! तीन तासांत पापडी सुटते. इतकं ऊन येतंय तर वाया कशाला घालवायचं?"

"आणि धोतर?"

"कावळे काय तुमचं ऐकणार आहेत?"

मी सांगितलं, की प्लेटवर चार बोटांची सावली पडली तरी वीज निम्मी होते. पूर्ण वाक्य व्हायच्या आत काकूंचा चेहरा बदलला. त्यांनी प्लेटकडे बघितलं, मग डब्याकडे, मग पळीकडे. डब्याच्या खिडकीतून काकांचा आवाज आला, "म्हणजे कालपासून माझा श्वास आणि हिचा साबुदाणा एकाच उन्हावर होता तर!"

आधी काकू हसल्या. मग मी. पुण्यात आल्यापासून इतकं मोठ्याने हसल्याचं मला आठवत नाही. हसता हसता काकूंनी डोळे पुसले, ते मात्र जरा जास्त वेळ.

पापड्या खाटेवर गेल्या, काच ओल्या फडक्याने लख्ख झाली. पण त्या दिवशी शिकलो ते मीच. मी प्लेट एका जागी ठेवून हिशोब केला होता. काकू त्या जागेत वीस वर्षं वाळवण घालत होत्या. "नऊला नारळापाशी, अकराला पंपाच्या झाकणावर, दोनला भिंतीकडे. आणि जराशी तिरकी. सरकवा!" दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही सरकवत गेलो. तीन वाजायच्या आत बॅटरी भरली, तीही काका आत झोपलेले असताना.

चार दिवसांनी बिऱ्हाड खडकवासल्याला गेलं. मी रात्रभर फोन उशाशी ठेवला. तो वाजला सकाळी सहाला. पलीकडे नुसता कलकलाट.

"ऐकू येतंय?" काका कुजबुजले. "बोलू नका. ऐका फक्त."

"काकू कुठायत?"

"झोपलीय. मशीनकडे बघत बसली होती, आत्ता कुठे डोळा लागलाय. श्श, तो बघा, हळद्या!"

मला पाखरांतलं काही कळत नाही. तरी मी फोन कानाला लावून बसून राहिलो.

त्यानंतर सात हिवाळे ते दोघं हिंडले. कोकण, भीमाशंकर, एकदा तर माझ्या किनवटलाही. माझ्या आईला काकूंनी शिलाई मशीनची खोळ शिवून दिली. आईकडे शिलाई मशीन नव्हतं. पुढच्या महिन्यात तेही आलं.

काकू जाऊन आता दोन वर्षं झाली. जीप आता मी चालवतो. माझं स्वतःचं छोटं दुकान आहे, पण वर्षातून एकदा ते बंद ठेवून काकांना पाण्याकाठी नेतो. या वेळी दुपारी ते झाडाखाली खुर्चीत पेंगत होते. मी प्लेट उन्हात धरून नुकताच टेकलो होतो. डोळे न उघडता ते म्हणाले, "सरकवा जरा."

प्लेट मी आधीच सरकवली होती. तरी उठलो, आणि वीतभर आणखी सरकवली.