मारवाडला निघालेली गाडी

बाच्या गाडीत घंटीची दोरी बांधायची कल्पना काकांची. बा, म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होता आणि काका, नात्यातले नव्हेत, त्याच्याच गाडीवरचे कंडक्टर. दोघांची बरीचशी नोकरी एकाच लाल गाडीवर गेली, निवृत्तही एकाच वर्षी झाले. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. एवढ्या भाषेवर त्यांनी जिल्ह्यातले सगळे रस्ते पालथे घातले होते.

"घंटीबिगर तुह्यानं गाडी हालन कशी, पायलट?" काका म्हणाले. "सोताच्या मनानं निंघाची सवय तरी हाय का तुले?"

"नाई ना," बा म्हणाला. "म्हणून तं तुले सोबत नेऊन राह्यलो."

नेणार होता मारवाडला. आमचं घर फुलसावंगीकडच्या एका बंजारा तांड्यावर. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. ते वाळूच्या देशातून आले, असं बाची आजी सांगायची. सगळी नोकरी बाने बोर्डावर लिहिलेल्या गावालाच गाडी नेली. आता हातांत ताकद आहे तोवर बोर्ड नसलेल्या गावाला जायचं, डांबर संपेल तिथून पुढे वाळूत शिरायचं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

"रेल्वेने जा की," मी म्हटलं. मी महागावला शाळेत शिकवत होते आणि मला तेच सोपं वाटत होतं.

"रेल्वेनं गेलो तं पाहुणा. आपली गाडी घेऊन गेलो तं घरचा."

एका बेकरीची जुनी डब्बा गाडी भंगारात चालली होती, ती बाने उचलली. पुढे ड्रायव्हरची केबिन, मागे पत्र्याचा बंद डब्बा, मधे पत्र्याची भिंत. कितीही धुतली तरी डब्ब्यातून टोस्टचा वास जाईना. मधल्या पत्र्याला खिडकी कापायचं काकांनी सुचवलं, पण वाळवंटातली धूळ बारीक फटीतूनही आत येते असं मी वाचलेलं सांगितलं होतं, त्यामुळे बा पत्र्याला हात लावू देईना. मग एक भोक पाडून त्यातून दोरी ओवली आणि मोडीत निघालेल्या बसची घंटी बाच्या कानाशी बसवली. मागच्या माणसाला पुढे काही कळवायचं तर तेवढाच मार्ग.

बाकीचं सामानही असंच जमलं. झोपायच्या फळीखाली जुन्या घराचे वासे. खालच्या दगडांपासून इंजिनाचं चेंबर वाचावं म्हणून जाड पत्रा. चाक रुतलं तर खाली सारायला जिनिंगच्या भंगारातल्या भोकांच्या दोन लोखंडी पट्ट्या. पाण्यासाठी बा एक निळी कॅन घेऊन आला. याडीने, माझ्या आईने, झाकण उघडून वास घेतला आणि कॅन अंगणापार भिरकावली. फवारणीच्या औषधाची होती ती. त्या वर्षांत स्वस्तात मिळणारी प्रत्येक कॅन त्याचीच असे.

"वाळवंटात मरू म्हणते, पण पाणी पिऊन नाई," याडी म्हणाली. मग दुधाच्या कॅन आल्या.

गादी मात्र घरचीच. त्या साली कापसाला कोणी विचारत नव्हतं. सगळ्यांच्या घरांत तो आढ्यापर्यंत भरून होता. आमच्याकडे निजायला जागा उरली नव्हती. पिंजाऱ्याला बोलावून त्यातलाच कापूस पिंजून घेतला आणि फळीच्या मापाची गादी शिवली. एक माणूस लांब, एक माणूस रुंद.

चूक झाली ती टायरची. काळ्या मातीत जन्म गेलेल्या माणसाला रुतणं म्हणजे चिखलात रुतणं, एवढंच माहीत. बाने खोल नक्षीचे, ट्रॅक्टरसारखे टायर शोधून आणले, त्यांत टणक हवा भरली आणि उन्हाळ्यात पैनगंगेच्या कोरड्या पात्रात गाडी घातली. टायरांनी विहीर खणावी तशी वाळू खणली. गाडी पोटावर बसली. पलीकडे डोहावर धुणं धुणाऱ्या बायका हसून हसून वाकल्या.

"काहून वो पायलट," एकीने हाक मारली, "नदीत बस स्टँड काढून राह्यले का?"

"बसा, माय, बसा," काका म्हणाले. "मारवाडचं तिकीट फाडतो."

मी ग्रंथालयातलं पुस्तक आठवून म्हटलं, हवा काढून पाहा. बाला ते पटेना. हवा कमी असलेली गाडी डेपोतून बाहेर काढणं त्याच्या लेखी पाप होतं. अखेर त्याने सुस्कारा सोडत एकेका टायरची हवा कमी केली. पट्ट्या खाली सारल्या. मागून काकांनी दोन घंट्या दिल्या आणि गाडी वर आली, वाळूवर पसरून चालायला लागली. बाने तिला पात्रातून वळणं घेत पार पलीकडच्या काठापर्यंत नेलं, परत आणलं, पुन्हा नेलं. याडी काठावर पदर तोंडाशी धरून उभी होती. बाला इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. टायर बदलून साधे, अर्धे झिजलेले घेतले. दिवाळीनंतर निघायचं ठरलं.

पण त्याआधी फवारणीचे दिवस आले.

तेव्हा फोन केला की येणारी गाडी आमच्याकडे नव्हती, आणि असला पेशंट न्यायला जीपवाले नाही म्हणत. पोलिसांची विचारपूस मागे लागते. फवारताना चक्कर येऊन पडलेला, आणि ज्याच्याबद्दल फक्त "औषध घेतलं" असं हळू आवाजात सांगतात तो, दोघांनाही वेळेत दवाखान्यात न्यावं लागतं. आमच्या गाडीत माणूस लांब गादी आहे हे सगळ्या तांड्यांना ठाऊक होतं. पहिल्यांदा लोक आले तेव्हा बा जेवत होता. तो हात धुऊन उठला, एवढंच. काका मागे बसले, कारण पेशंटच्या घरच्यांना सावरायला कोणी तरी लागतं.

मग हे होतच राहिलं. तालुक्याला नेलं की बहुतेकदा पुढे यवतमाळला न्यायला सांगत. मारवाडलाही बा यवतमाळवरूनच जाणार होता. दवाखान्याच्या फाटकाशी गाडी लावून तो काकांना म्हणे, "पहिला टप्पा झाला, कंडक्टर." आणि गाडी वळवी. याडी गादीची खोळ धूत राही. काही दिवसांनी तिने कापूस काढून जाळला आणि नवा भरला. घरात त्याची कमी नव्हती.

दिवाळीनंतर एका सकाळी निघायचं नक्की झालं. मी सुटीवर होते, मीही जाणार होते. याडीने बॉनेटला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. काका नवीन सदरा घालून, जय भीम करत, जेवणाचा डबा घेऊन हजर झाले. स्टोव्ह, कॅन, पट्ट्या, पीठ, बाजरी, सगळं डब्ब्यात बसलं होतं. तांड्याच्या प्रमुखाने, नायकाने, विचारलं, "तिकून मले काय आणान?" "उंट," काका म्हणाले. "मांडीवर घेऊन आणतो."

तेवढ्यात शेतांकडून एक बाई धावत आली. धापेमुळे तिला बोलता येत नव्हतं, नुसती हाताने मागे दाखवत होती. बाने तिच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. मी त्याचा चेहरा पाहिला, म्हणून सांगते. तो क्षणभर त्या बाईवर चिडला होता. मग त्याने स्वतः मागचं दार उघडलं आणि सामान रस्त्यावर टाकायला लागला. पिठाचा डबा उलटला. आम्ही सगळ्यांनी मिळून डब्बा रिकामा केला, तिच्या नवऱ्याला शेतातून उचलून आणून गादीवर ठेवलं, काका चढले आणि दोन घंट्या झाल्या.

तो माणूस वाचला. हिवाळ्यात तो आमच्या अंगणात येऊन उभा राहिला, हात जोडले. याडीने त्याला चहा दिला. तो गेल्यावर बाने त्याची कपबशी उचलली.

"आपण तासभर आधी निंघालो असतो तं?" तो म्हणाला.

"पण निंघालो नाई ना," काका म्हणाले.

"म्हणूनच इचारतो."

त्यानंतर मारवाडचं नाव बाने काढलं नाही. मीच काढत असे. प्रत्येक वेळी उत्तर एकच: पाऊस होऊ दे, वेचणी होऊ दे, या साली लोकांचं बरं होऊ दे. तांड्यांवर बरं होत नव्हतं. लोखंडी पट्ट्या अंगणातल्या नालीवर पूल म्हणून गेल्या. स्टोव्हवर याडी अंघोळीचं पाणी तापवू लागली. क्लच दाबताना बाचा पाय अडखळू लागला, तरी त्याने स्टिअरिंग कोणाला दिलं नाही.

एकदा मी काकांना विचारलं, वाटेतच कोणी गेलं तर काय करता? बा तर पुढे, त्याला काही दिसत नाही, ऐकू येत नाही.

"काही करत नाई. दोरीले हात लावत नाई."

"का?"

"एक घंटी देली तं तो थांबन. बाजूले घरचा माणूस बसला असते, माय. गाडी धावून राह्यली तवर त्याले वाटते, काही तरी चालू हाय."

बाने ते ऐकलं होतं. तो म्हणाला, "मले समजते तरी. मांगचा माणूस पत्र्यावर पाय हापटाचा थांबला का माह्या पाठीमांगचा पत्रा थंडा पडते." आणि तरीही तो वेग कमी करत नसे. हे दोघांनी एकमेकांना तोवर कधी सांगितलं नव्हतं.

बाची छाती दुखायला लागली ती चांगल्या उजेडात, अंगणात, दाढी करताना. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याने गाडी काढली, याडी त्याच्या बाजूला बसली, मागे गादीवर बा, मी आणि काका. महागावहून पुढे पाठवलं. बाने एकदा डोळे उघडून डब्ब्याच्या छताकडे पाहिलं. चालत्या गाडीत तो पहिल्यांदाच मागे होता.

"अजून टोस्टचा वास येते," तो म्हणाला. "मले माहीतच नव्हतं."

आर्णी मागे पडल्यावर त्याचा माझ्या मनगटावरचा हात सैल झाला. काकांनी वाकून कान त्याच्या छातीला लावला, बराच वेळ लावून ठेवला आणि मग सरळ होऊन दोरीकडे पाहिलं. त्यांनी दोरीला हात लावला नाही. मीही लावणार नव्हते. पण बा तर निघालाच होता, आणि निघताना त्याला घंटी लागायची. मी दोरी दोनदा ओढली.

गाडी धावतच होती. पुढच्या ट्रॅक्टरवाल्या पोराने आणखी वेग दिला. दवाखान्याच्या फाटकाशी काकांना नेहमीचं वाक्य कोणी म्हणेल असं वाटलं असावं. ते दार उघडून खाली उतरले आणि केबिनकडे बघत उभे राहिले.

बाचं दिवसकार्य झाल्यावर मी याडीला विचारलं, तुला कधी कळलं? ती सरकीपासून कापूस वेगळा करत होती, गादीसाठी नव्हे, नुसताच.

"तू डबल घंटी देली तवाच," ती म्हणाली. "चालत्या गाडीले चल म्हणून कोणी सांगते का?"