आधी ठरवा, मग दार उघडा

आमचे हे आयुष्यभर फ्रिज दुरुस्त करत आले. त्यामुळे घरात कुणी फ्रिजचं दार उघडलं की यांचा जीव खालीवर व्हायचा. "आधी काय हवंय ते ठरवा, मग दार उघडा," हे आमच्या मुलीने बाळपणापासून ऐकलंय. व्याही पहिल्यांदा घरी आले, तर यांनी त्यांना खुर्चीवरून उठवून फ्रिजच्या दारात कागदाची पट्टी धरायला लावली. पट्टी सहज निघाली तर दाराचं रबर गेलं म्हणून समजायचं. व्याही बिचारे पट्टी ओढतायत आणि मला मेलीला कुठे तोंड लपवू असं झालेलं. स्वभावाला औषध नाही, दुसरं काय.

माझ्या नणंदेचा मुलगा शिकायला आमच्याकडे होता. तो हे सगळं बघायचा आणि पोट धरून हसायचा. पुढे तो सिनेमे लिहायला लागला. यंदा त्याचा हिंदी सिनेमा आला, मध्यमवर्गीय घरातल्या गमतीजमतींचा. आम्हाला त्याने तिकिटं पाठवली. हे नवा शर्ट घालून निघाले.

सिनेमातला बाप फ्रिजसमोर स्टूल टाकून बसलेला. "पहले सोचो, फिर खोलो," म्हणून तो पोरांवर ओरडला आणि सगळं थिएटर हसलं. यांनी मला कोपराने ढोसलं. "अगं, हा तर मीच." पट्टीचा प्रसंग आला तेव्हा तर शेजारच्या अनोळखी माणसालाही सांगून मोकळे झाले. मी म्हटलं, गप्प बसा. पण खरं सांगते, मलाही बरं वाटत होतं. उभ्या जन्मात या माणसाचं कुणी कौतुक केलं नव्हतं.

आणि मग ते आलं. भाचा आमच्याकडे राहत होता तेव्हा कंपनीने यांना काढलं होतं, त्या दिवशी हे भरदुपारी घरी आले होते. फ्रिज उघडला आणि नुसते उभे राहिले, दार उघडंच. मी ओट्यापाशी, भाचा यांच्या मागे. आम्ही दोघंही काही बोललो नव्हतो. सिनेमातला बाप अगदी तसाच उभा राहिला आणि मागून पोरगा म्हणाला, "पापा, पहले सोचो." लोक खुर्च्यांवरून पडायचे तेवढे बाकी होते.

यांचं कोपर माझ्या हाताला टेकलेलं होतं, ते यांनी काढून घेतलं.

तेव्हापासून फ्रिज कुणी कितीही वेळ उघडा ठेवो, हे चकार शब्द काढत नाहीत. मी मुद्दाम दार उघडं टाकून शेजारी गप्पा मारायला गेले. परत येऊन बघते तर दार तसंच आणि हे पेपर वाचतायत. काय करू या माणसाचं? भांडले, विनवलं, मुलीला बोलावून घेतलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी भाच्यालाच फोन केला. म्हटलं, तू करून ठेवलंस, आता तूच निस्तर.

तो रविवारी आला. यांच्याजवळ बसत म्हणाला, "मामा, तो सीन लोकांना सगळ्यात जास्त आवडतो. आणि मी प्रेमानंच लिहिलाय हो."

"असेल रे. सिनेमा चांगलाच झालाय," हे म्हणाले आणि चष्मा पुसत राहिले. मग त्याच्याकडे न बघताच म्हणाले, "त्या दिवशी तू मागे येऊन उभा राहिलास ना, तेव्हा मला केवढा आधार वाटला होता."